दोन दिवसांत उतार

डॉक्टरबाईंच्या मेजावर रुग्णाने औषधाचे बिल ठेवले, तेव्हा दुकानाचे नाव त्यांना वाचावे लागले नाही. इचलकरंजीतील ते दुकान त्यांच्या वडिलांचे होते.

रुग्ण बावीस वर्षांचा, वडिलांबरोबर कापडाच्या पेढीवर बसणारा. जांघेत गजकर्ण झाले म्हणून त्याने चार महिने एकच ट्यूब चोळली होती. लावली की दोन दिवसांत उतार, थांबवली की पुन्हा खाज. गजकर्णाची ओळखीची गोल कडा पुसट झाली होती, पसारा मात्र पोटापर्यंत पोचला होता. जांघेत कातडी उसवल्यासारखे तांबडे पट्टे उमटले होते. गजकर्ण बरे होईल, पट्टेही फिके पडतील, पण पुरते जाणार नाहीत, हे सांगताना डॉक्टरबाईंचा स्वर नेहमीसारखा राहिला नाही. मुलाचे लग्न ठरत होते.

अशा ट्यूबमध्ये बुरशीच्या व जंतूंच्या औषधाबरोबर तीव्र स्टिरॉइड असते. ते खाज आणि लाली दाबते, त्यासरशी त्वचेची प्रतिकारशक्तीही दाबते. वरून सारे शांत दिसते आणि आत बुरशी निर्धास्त वाढते. 2018 साली केंद्र शासनाने त्वचेवर लावण्याची अशी 14 स्टिरॉइडे चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा सूचीत घातली. सूची कागदावर राहिली, ट्यूब गल्ल्यापाशी.

पंचवीस वर्षांपूर्वी डॉक्टरबाई हा विषय शिकत होत्या, तेव्हा गजकर्ण म्हणजे विद्यार्थ्यांनी दुर्लक्षिण्याचा आजार. तीन-चार आठवड्यांच्या मलमाने तो जाई. आता महिनोन् महिने गोळ्या द्याव्या लागतात, आणि पूर्वीची हुकमी गोळी अनेकांना लागूच पडत नाही. 2020 साली या हट्टी बुरशीला स्वतंत्र जातीचे नाव मिळाले, ट्रायकोफायटन इंडोटिनी. देशाचे नाव असे कोरले जावे, हा काही मान नव्हे.

त्या सायंकाळी जेवणे आटोपल्यावर त्यांनी ते बिल, रुग्णाचे नाव दुमडून, वडिलांपुढे ठेवले.

"अण्णा, ही ट्यूब आपल्या दुकानातली."

अण्णांनी चष्मा लावला. "मी नाही दिली तर समोरचा देतो. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने पाठवायचं, तर दुकान उघडायचं कशाला?"

युक्तिवाद खोटा नव्हता. याच दुकानाच्या मिळकतीवर लेकीचे शिक्षण झाले होते, हेही दोघांना ठाऊक होते. त्यांनी वाद घातला नाही. मुलाच्या अंगावर काय राहणार आहे, एवढेच सांगितले.

"कोणाचा मुलगा?"

"ते मला सांगता येणार नाही, अण्णा."

अण्णा आठवू लागले. चार महिन्यांत ती ट्यूब इतक्या जणांनी नेली होती की एकही चेहरा पक्का होईना.

मुलाचे उपचार सुरू झाले. ट्यूब बंद केल्यावर आठ-दहा दिवस खाज वाढेल, तरी तिच्याकडे वळू नये, ही पहिली सूचना. मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटे लावायचे, आणि त्वचा स्वच्छ दिसू लागल्यावरही निदान दोन आठवडे थांबवायचे नाही. याच टप्प्यावर बहुतेक लोक कंटाळतात. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. कपडे गरम पाण्यात धुऊन उलटे करून उन्हात, पावसाळ्यात शिवणीवरून इस्त्री. घट्ट जीन्स बंद. करदोटा काढायला आजी तयार होईनात. ओल्या दोऱ्यात बुरशी टिकते, हे त्यांना दोनदा समजवावे लागले. आई आणि धाकट्या भावालाही तेच दुखणे होते, लाजेने कोणी बोलले नव्हते. सर्वांना एकाच वेळी औषध दिले.

पुढच्या आठवड्यात अण्णांनी ट्यूबची खोकी वितरकाकडे परत धाडली. फोडलेली खोकी त्याने घेतली नाहीत, ती रक्कम अण्णांनी तोट्यात मांडली. समोरच्या दुकानात ती ट्यूब अजून मिळते, काही गिऱ्हाइके तिकडे गेलीही. अण्णा मात्र दुकानात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक तरुणाकडे हल्ली जरा अधिक वेळ पाहतात.