झाडू कुणाच्या हाती?

स्वारगेटच्या एसटी स्थानकात रात्रभर माणसांचा राबता असतो. फलाटावर चहाचे कप, शेंगांची टरफलं, गुटख्याच्या पुड्या साचत जातात. दारू पिऊन कोणी कोपऱ्यात ओकलेलं असतं. हे सगळं झाडणाऱ्या बायांचं ते पोटापाण्याचं काम आहे.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि देशाच्या दंडविधानात सामुदायिक सेवा ही शिक्षा म्हणून आली. पाच हजारांहून कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला असेल, दारूच्या नशेत सार्वजनिक जागी धिंगाणा घातला असेल, अशा मोजक्या गुन्ह्यांसाठी ती आहे. काम समाजाच्या उपयोगाचं हवं आणि त्याला मोबदला नाही. मला हे मनापासून पटतं. खिसा कापणाऱ्या पोराला कोठडीत सराईतांच्या संगतीला पाठवून कुणाचं भलं होतं?

पण काम कोणतं, असं विचारलं की दहातले नऊजण म्हणतात, ‘झाडू मारायला लावा!’ तिथे मला टोचतं. शिक्षा म्हणून झाडू दिला, की रोज तो झाडू धरणारीला आपण काय सांगतो? तू न केलेल्या गुन्ह्याची सजा भोगते आहेस, असंच ना? हे काम पिढ्यानपिढ्या ठरावीक जातींच्याच माथी मारलं गेलं आहे, म्हणून तर हा प्रश्न अधिक जिव्हारी लागतो.

कामानं माणूस उभा राहतो, हे महाराष्ट्रानं फार पूर्वी करून दाखवलं आहे. औंध संस्थानात 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. कल्पना मॉरिस फ्रीडमन यांची, पाठबळ राजे भवानराव पंतप्रतिनिधींचं. कैदी तिथे भिंतीविना, बायकामुलांसह राहून शेती करू लागले. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’चं मूळ इथलंच. पेरलेलं उगवेपर्यंत कैद्यावर विश्वास टाकलेला असे, आणि राबणाऱ्याला तो कळत असे. तुरुंगातल्या श्रमाला वाजवी मजुरी द्या आणि तिच्यातला वाटा गुन्ह्याची झळ सोसलेल्यांसाठी काढा, असं सर्वोच्च न्यायालयानं 1998 मध्ये सांगितलं, त्यामागेही हीच जाण आहे. 2022 साली येरवडा कारागृहातून सुरू झालेल्या ‘जिव्हाळा’ योजनेत राज्य सहकारी बँक कैद्याला पन्नास हजारांपर्यंत कर्ज देऊ लागली, तेही त्याच्या तिथल्या कमाईच्या भरवशावर.

सामुदायिक सेवेत मजुरी नाही, म्हणून कामाचा मान तरी राखायलाच हवा. फलाट झाडायला कुणाला पाठवायचंच असेल, तर गळ्यात पाटी अडकवून, फोटो काढून नको. झाडणाऱ्या बाईच्या हाताखाली पाठवा. कचरा कुठून काढत यायचा, ओला-सुका कसा वेगळा करायचा, हे ती शिकवील. आणि काम नीट झालं की नाही, हे न्यायालयाला कळवणाऱ्या कागदावर सही तिची घ्या.