पाटी कोणाकडे आहे?

आधी एक कोडं घालते. दोन जुने संगणक आहेत. एकाचा प्रोसेसर सेकंदाला ३५ लाख ठोके देतो, दुसऱ्याचा २० लाख. दोघांनाही तेच गणित घातलं, तर आधी कोण उठून उभा राहील?

"३५ लाखवाला!" असंच म्हणालात ना? आमच्या सातवीच्या वर्गानंही एका सुरात तेच सांगितलं. पण जिंकला तो २० लाखवाला!

पहिल्याचं नाव झेडएक्स स्पेक्ट्रम. तो १९८२ चा. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनं १९८६ मध्ये परवाना घेऊन त्याची पुढची आवृत्ती भारतातही आणली होती. दुसऱ्याचं नाव बीबीसी मायक्रो. केंब्रिजच्या अकॉर्न कंपनीनं तो डिसेंबर १९८१ मध्ये बाजारात आणला. दोन्ही घरात आणि शाळेत वापरायचे संगणक. बेसिक भाषेतला तोच साधा प्रोग्रॅम दोघांना दिला, तर बीबीसी मायक्रो कितीतरी आधी मोकळा होतो.

असं का व्हावं? एक कारण म्हणजे बीबीसीचं बेसिक फार चलाख लिहिलेलं होतं. पण मला तुम्हाला दुसरं कारण सांगायचं आहे, आणि ते आहे मेमरीचं. प्रोसेसर कितीही हुशार असला तरी त्याला प्रत्येक गोष्ट मेमरीतून आणावी लागते. पुढची सूचना काय, आकडा कोणता, उत्तर कुठं ठेवायचं, सगळ्यासाठी खेप! स्पेक्ट्रमच्या प्रोसेसरला एका खेपेला निदान तीन ठोके लागतात. म्हणजे ३५ लाखाला ३ नं भागा. बारा लाख खेपासुद्धा भरत नाहीत. बीबीसी मायक्रोचा ६५०२ प्रोसेसर मात्र दर ठोक्याला एक खेप करतो. ठोके २० लाख, खेपाही २० लाख. आता सांगा, कोण पुढं?

आपल्या भागातल्या मुलांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तुमच्यातले बरेच जण तेव्हा जन्मलेही नव्हते, पण आईला विचारा, ती सांगेल. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणींची, सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन. पुढं पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या, एका खेपेला २५ लाख लिटर. पण स्टेशनात पाणी किती उभं आहे ही एक गोष्ट, आणि तुमच्या घरच्या घागरीत ते किती वेळानं पडतं ही दुसरी. संगणकाच्या जाहिरातीत पहिली गोष्ट मोठ्या अक्षरात छापतात. दुसरी आपली आपण मोजावी लागते.

तर हे मोजायची संधी आम्हाला कशी मिळाली, ते सांगते. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारनं 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला होता. त्यातून सुरुवातीला देशातल्या सुमारे २५० शाळांत बीबीसी मायक्रो पोचले, पुढं आणखी शाळांत गेले. नांदेड जिल्ह्यातल्या एका हायस्कूलच्या अडगळीत असाच एक निघाला. पिवळा पडलेला, वरच्या लाल बटणांवर बोटभर धूळ. भंगाराच्या यादीत त्याचं नाव चढलं होतं. मी मुख्याध्यापकांना विनंती केली. ते म्हणाले, "मॅडम, आठ दिवसांत काहीतरी कामाचं करून दाखवा, विज्ञान प्रदर्शनात ठेवू. नाहीतर सोमवारी भंगारवाला येतोच आहे."

आठ दिवस! मी लातूरच्या एका निवृत्त सरांना फोन केला. (नाव छापू नका, असं त्यांनी बजावलंय.) त्यांना अशा यंत्रांचा भारी नाद. दुसऱ्याच दिवशी पिशवीत डागणी घेऊन अहमदपूर-लोहा मार्गानं एसटीनं हजर! आल्या आल्या मुलांना पहिला नियम सांगितला, "जुनं यंत्र दिसलं की लगेच प्लग लावायचा नाही." मग वीजपुरवठ्याची पेटी उघडून आतले तडकलेले कपॅसिटर बदलले. तडे गेलेल्या जुन्या कपॅसिटरला वीज दिली तर धूर निघतो आणि वास आठवडाभर जात नाही, बरं का!

मग बटण दाबलं. आधी जाड आवाज, मागोमाग बारीक 'पीप'! टीव्हीच्या पडद्यावर अक्षरं उमटली, 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के'. पोरांनी शाळा डोक्यावर घेतली.

"सर, ३२ जीबी का?" एकानं विचारलं.

"जीबी नव्हे रे बाबा, केबी! ३२,७६८ अक्षरं मावतील एवढीच."

"एवढ्यात काय होतंय?"

पण त्या एवढ्याशा मेमरीची वाटणी पाहण्यासारखी आहे. पडद्यावरचं चित्रही त्याच मेमरीत असतं. म्हणजे हापसा एक आणि भरणारे दोघं: प्रोसेसर आणि पडदा. स्पेक्ट्रममध्ये पडदा रंगवला जात असताना पडद्याच्या १६ केबी मेमरीजवळ प्रोसेसर आला, की त्याला थांबावं लागे. बीबीसी मायक्रोत अकॉर्नच्या मंडळींनी सेकंदाला ४० लाख खेपा झेलणारी मेमरी बसवली आणि पाळी लावून दिली. एक खेप प्रोसेसरची, एक पडद्याची. २० लाख याच्या, २० लाख त्याच्या. कुणी कुणाचं तोंड पाहत उभं राहायचं नाही!

आता परीक्षा. या यंत्राच्या पोटाखाली 'ट्यूब' नावाची एक खाच आहे. तिथं दुसरा प्रोसेसर जोडता येतो, तोही स्वतःच्या मेमरीसकट. अकॉर्ननं विकलेल्या अशा एका जोडीदाराचा वेग ३ मेगाहर्ट्झ होता, म्हणजे ३० लाख ठोके, आणि मेमरी ६४ केबी. तो मूळ जोडीदार आता सहज मिळत नाही. सरांनी रास्पबेरी पाय नावाचा पत्त्यांच्या कॅटएवढा संगणक आणला होता. तो ट्यूबला जोडला की हुबेहूब जुन्या जोडीदाराचं सोंग घेतो. (मधे एक छोटी पट्टी लागते. जुनं यंत्र ५ व्होल्टवर बोलतं, नवं ३.३ वर. थेट जोडलं तर नव्याचं काही खरं नाही.)

पहिला प्रोग्रॅम अगदी साधा. नुसते फेरे मोजायचे, दुसरं काही नाही. बेसिकमध्ये 'टाइम' नावाचं घड्याळ असतं, ते सेकंदाचे शंभर भाग मोजतं. सुरुवातीला ते शून्यावर आणायचं, शेवटी वाचायचं. एकट्या यंत्राला ३० सेकंद लागतील एवढे फेरे आम्ही ठरवले. मग पायला ३ मेगाहर्ट्झवर बसवलं आणि मुलांना फळ्यावर उत्तर आधी काढायला लावलं. २ मेगाहर्ट्झला ३० सेकंद, तर ३ ला किती? व्यस्त प्रमाण! उत्तर २०.

घड्याळानं दाखवलं ते २० च्या जरा खालीच. "सर, गणित चुकलं का?" नाही. एकट्या यंत्राला फेरे मोजता मोजता कीबोर्डकडं, घड्याळाकडंही बघावं लागतं. जोडीदार आल्यावर ही घरकामं जुन्याकडं राहतात आणि नवा निवांत फेरे मोजतो. मला हा अर्धामुर्धा फरक फार आवडला. उत्तर तंतोतंत २० आलं असतं, तर आम्ही यातलं काहीच विचारलं नसतं.

मग पायला पूर्ण वेगानं सोडलं. ३० सेकंदांचं काम एका सेकंदाच्या आत! टाळ्या, शिट्ट्या. मुख्याध्यापकही दारात येऊन उभे राहिले. "वा! आता याला मोठं चित्र काढायला लावा."

दुसरा प्रोग्रॅम: सोळा रंगांच्या मोड २ मध्ये चांदण्यांच्या ओळीच ओळी छापायच्या. मुलांनी पैजा लावल्या. कुणी म्हणे शंभर पट, कुणी दोनशे. बटण दाबलं आणि चांदण्या निघाल्या जुन्याच चालीनं! घड्याळात थोडासाच फरक. वर्ग शांत. मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. मागच्या बाकावरून आवाज आला, "खोटं बोलतंय यंत्र."

तेवढ्यात सातवीतली एक मुलगी उभी राहिली. एरवी तोंडातून शब्द काढत नाही. म्हणाली, "मॅडम, पण पाटी तर जुन्याकडंच हाय ना?"

सर खुर्चीतून उठलेच! मुलांनो, तिनं नेमकं वर्मावर बोट ठेवलं होतं. जोडीदाराची मेमरी त्याच्याजवळ असते, पण पडद्याची मेमरी जुन्या यंत्रातच राहते. नव्यानं कितीही झपाट्यानं "चांदणी काढ, चांदणी काढ" म्हटलं, तरी निरोप ट्यूबमधून जाणार आणि पाटीवर लिहिणार तो जुनाच, त्याच्या २० लाख ठोक्यांच्या चालीनं. 'कार्ड किती पट वेगवान?' या प्रश्नाला एकच उत्तर नसतं ते यामुळं. कोणत्या मेमरीत काम चाललंय, हे आधी विचारावं लागतं.

मुख्याध्यापकांनी तिला दोनदा समजावून सांगायला लावलं. मग यादी मागवली आणि त्या नावावर लाल रेघ मारली.

त्या संध्याकाळी एसटीची वाट बघताना सरांनी अकॉर्नची पुढची हकिकत सांगितली. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर हे तिथले अभियंते. त्यांनीही दुसऱ्या कंपन्यांचे नवेनवे प्रोसेसर असेच तपासून पाहिले. त्यांच्या लक्षात आलं की मेमरी द्यायला तयार आहे, पण या प्रोसेसरांना तेवढं भरून घेताच येत नाही. मग त्यांनी स्वतःचाच प्रोसेसर बनवायला घेतला. २६ एप्रिल १९८५ रोजी तो पहिल्यांदा चालला, तोही बीबीसी मायक्रोलाच जोडीदार म्हणून जोडलेला! वीज किती खातो ते पाहायला गेले, तर मीटरवर शून्य. झालं होतं असं की वीजपुरवठा पोचलाच नव्हता. शेजारच्या तारांमधून झिरपणाऱ्या विजेवर पठ्ठ्या चालत होता. त्याचं नाव एआरएम. आज बहुतेक सगळ्या मोबाइलमध्ये त्याचेच वंशज आहेत. आमच्या त्या रास्पबेरी पायमध्येसुद्धा!

आता आमची तिसरी परीक्षा राहिली आहे, तिचा अंदाज तुम्हीही करा. मोड २ मध्ये एक अक्षर काढायला मेमरीत ३२ बाइट लिहावे लागतात. मोड ७ मध्ये एकच बाइट पुरतो. तेवढीच अक्षरं दोन्हीकडं छापली, तर मोड ७ किती पट लवकर होईल? वर्ग म्हणतो ३२ पट. ती मुलगी म्हणते, "३२ पट येणारच न्हाई." कामून, ते अजून तिनं कुणाला सांगितलेलं नाही. बीबीसी मायक्रोची नक्कल करणारे मोफत प्रोग्रॅम संगणकावर मिळतात, त्यात तुम्हालाही मोजता येईल. मात्र आधी वहीत अंदाज लिहा, मगच बटण दाबा.