बहिरा रेडिओ आणि काळे पैंजण

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसमधून निघताना शेजारच्या क्युबिकलमधल्या मित्राने विचारलं, "वीकेंडला काय प्लॅन?"

"आंबेगावला, मामाकडे. रिले बदलायचेत."

"रिले? तू कधीपासून धावायला लागलास?"

त्याची काही चूक नाही. आपल्याला रिले माहीत असतो तो शाळेच्या मैदानावरचा. खरं म्हणजे आपण रोज रिलेचा आवाज ऐकतो. लाईट गेली की इन्व्हर्टरमध्ये जो 'टक्' होतो ना, तो रिले. आजची पोस्ट त्या 'टक्'बद्दल आहे. विषय जरा तांत्रिक आहे, पण पळून जाऊ नका. यात मामी आहे, गोठा आहे आणि माझा झालेला एक चांगलाच पोपट आहे.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात: मी हॅम आहे, म्हणजे हौशी रेडिओवाला. परीक्षा देऊन केंद्र सरकारकडून परवाना घ्यायचा, 'व्हीयू'ने सुरू होणारं कॉलसाईन मिळवायचं आणि मग स्वतःच्या सेटवरून, स्वतःच्या अँटेनावरून जगाशी बोलायचं. मोबाईलच्या जमान्यात हे कशाला, असं सगळेच विचारतात. मामाने मात्र कधी विचारलं नाही.

मामाचं घर घोडेगावच्या पुढे, डिंभे धरणाच्या अंगाला. याच आंबेगाव तालुक्यात माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराचा कडा खाली आला आणि गाव चिखलाखाली गेलं. १५१ माणसं गेली. बाहेर बातमी कशी पोचली, आठवतंय? एसटीचा ड्रायव्हर नेहमीप्रमाणे गाडी घेऊन गेला, तर समोर गावच नव्हतं. त्याने कळवलं, म्हणून कळलं. फोन नाही, टॉवर नाही, एक माणूस. त्यानंतरच्या दिवाळीत मामा मला म्हणाला, "तुझ्या त्या रेडिओचा इकडं काय उपेग व्हईल का रं?"

होईल, म्हटलं. आणि लागलो कामाला.

आता इथे सह्याद्री आडवा येतो. पोलिसांच्या हातात असतो तसा व्हीएचएफ सेट बहुतेक सरळ रेषेत चालतो. दरीत बसलात की संपलं. त्याला उपाय म्हणजे कमी फ्रिक्वेन्सी. ७ किंवा ३.५ मेगाहर्ट्झवर अँटेना मुद्दाम बुटकी लावायची. लहरी जवळजवळ सरळ वर जातात, आयनोस्फिअरवरून परत खाली येतात आणि डोंगराच्या पलीकडे साठ-सत्तर किलोमीटरवर पुण्यात आरामात ऐकू येतं. दिवसा साधारण ७ चालतो, रात्री ३.५. म्हणून दोन अँटेना: एक २० मीटर लांब, दुसरी ४० मीटर. तिसरी २८ मेगाहर्ट्झची, ती निव्वळ माझी हौस.

तीन अँटेनांना तीन केबल ओढायच्या तर खिशाला भोक. त्यामुळे घरातून एकच जाड केबल न्यायची, चाळीस मीटरवर गोठ्याशेजारच्या खांबाखाली एक डबा बसवायचा आणि डब्यातल्या रिलेंनी हवी ती अँटेना जोडायची. घरात फक्त एक नॉब.

पहिल्या डब्यासाठी रिले निवडायला मला दहा मिनिटं लागली होती. शनिवारी तपकीर गल्लीत गेलो, निळे चौकोनी रिले घेतले, वर लिहिलेलं '१० अँपिअर, २५० व्होल्ट'. हिशोब सोपा. माझा सेट १०० वॉटचा, केबल ५० ओमची. म्हणजे १.४ अँपिअर आणि ७१ व्होल्ट. अँटेना नीट जुळली नाही, एसडब्ल्यूआर ३ झाला, तरी करंट अडीच अँपिअरच्या आत आणि व्होल्टेज १२२ च्या आसपास. दहा अँपिअरचा रिले म्हणजे चौपट मार्जिन! आपण तर खुश.

वर्षभर चाललंही. मग गेल्या पावसाळ्यात मामाचा फोन. "रेडिओ बहिरा झालाय."

गेलो. सेट लावला. खरंच शांत. ७ मेगाहर्ट्झवर रविवारी सकाळी माणसांची गर्दी असते, इथे नुसती खसखस. म्हटलं बघू तरी, म्हणून बटण दाबून दोन शब्द बोललो. सोडलं, तर धाडकन सगळे आवाज सुरू! पुणे, बेळगाव, हैदराबाद. मामाकडे विजयी मुद्रेने पाहिलं. चहा पिऊन आलो, तर पुन्हा बहिरा.

सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. डीबगर लावला की गायब होणारा बग. मल्टीमीटर लावून कॉन्टॅक्ट तपासले, तर सगळे चोख. केबल तपासली, प्लग पुन्हा सोल्डर केले, सेटलाच शिव्या दिल्या. शेवटी डबा बाजूला काढून केबल थेट अँटेनाला जोडली, तेव्हा सेट मुकाट्याने ऐकायला लागला. म्हणजे दोष डब्यातच. पण कोणता?

मामा खाटेवर बसून तासभर हे बघत होता. म्हणाला, "तू बोल्ला की त्याला ऐकू येतंय. गप बसला की बहिरं व्हतंय."

आणि मामी भांडी घासता घासता म्हणाली, "तिथं गोठ्यापाशी काय टिकतंय? गोबरगॅसच्या टाकीपाशी काम केलं की माझे पैंजण काळे पडत्यात."

घ्या! दोन वाक्यांत दोघांनी मिळून बग शोधून दिला.

रिलेचे कॉन्टॅक्ट चांदीच्या मिश्रधातूचे असतात. गोबरगॅसमध्ये थोडा हायड्रोजन सल्फाईड असतो. चांदी त्याच्याशी संयोग पावून काळी पडते, सिल्व्हर सल्फाईडचा पातळ पापुद्रा धरते. माझे रिले सील नसलेले, डबा गोठ्याच्या भिंतीला, वर आंबेगावचा पाऊस. मी बोलायचो तेव्हा ७१ व्होल्ट तो पापुद्रा सहज फोडायचे. मल्टीमीटर तपासताना स्वतःचं थोडं व्होल्टेज देतो, त्यालाही तेवढं जमायचं. पण अँटेनाकडून येणारा सिग्नल? हॅम लोकांच्या मोजमापात दणदणीत समजला जाणारा सिग्नल म्हणजे ५० मायक्रोव्होल्ट. बोलतानाच्या व्होल्टेजच्या चौदा लाखाव्या भागाएवढा. तो बिचारा पापुद्र्याच्या अलीकडेच बसून राहायचा.

मी रिले निवडला होता बोलण्याच्या हिशोबाने. ऐकण्याचा हिशोब केलाच नव्हता.

आणि इथे मला खरंच कसंतरी झालं. कारण मामाकडे परवाना नाही. मी पुण्यात असताना तो सेटवर बोलू शकत नाही, फक्त ऐकू शकतो. त्याचा मुलगा परीक्षेची तयारी करतोय, पण तोपर्यंत त्या घरात हा सेट म्हणजे नुसता कान. आणि मी त्यांना असा कान दिला होता, जो आधी बोलल्याशिवाय ऐकतच नाही. जुलैच्या एखाद्या रात्री हे लक्षात आलं असतं तर?

डबा उघडल्यावर आणखी एक लाजिरवाणी गोष्ट दिसली. एका कॉन्टॅक्टवर जळाल्याचा डाग. तो माझाच. बोलता बोलता घाईत नॉब फिरवला होता. रिलेवर लिहिलेले दहा अँपिअर हे बंद कॉन्टॅक्टमधून शांतपणे वाहण्यासाठी आणि घरातल्या विजेसाठी असतात. चालू ट्रान्समिशनच्या मधोमध उघडलं की ठिणगी पडणारच.

मग या वेळी निवड नीट केली. वर्षभर डोक्यात हेच चालू होतं म्हणा ना.

पहिली अट, पूर्ण सील केलेला रिले. दुसरी, कॉन्टॅक्ट. बारीक सिग्नलसाठी सोन्याचा मुलामा सगळ्यात चांगला, पण तसे छोटे रिले बहुधा एक-दोन अँपिअरचे, माझ्या अडीच अँपिअरला अपुरे. निर्वात नळीतले रिले उत्तम, पण ते किलोवॉटवाल्यांचे लाड. मी मधला मार्ग घेतला: आठ अँपिअरचे सील केलेले, प्रत्येकात दोन पोल, आणि दोन्ही पोल समांतर जोडले. एकावर पापुद्रा धरला तरी दुसरा चालू असण्याची शक्यता बरीच.

याची किंमत असते. उघड्या कॉन्टॅक्टमध्येही हवेतून थोडा सिग्नल गळतो, कारण तो एक चिमुकला कपॅसिटर असतो. १ पिकोफॅरड धरा: ३.५ मेगाहर्ट्झवर ५३ डेसिबल अडवतो, २८ वर फक्त ३५. दोन पोल समांतर म्हणजे कपॅसिटन्स दुप्पट, २८ वर अडवणं २९ डेसिबलवर येतं. उपाय जुनाच आहे. जी अँटेना वापरात नाही ती नुसती मोकळी न सोडता रिलेच्या दुसऱ्या टोकाने जमिनीला जोडायची. गळलेलं मातीत जातं.

फक्त ७ मेगाहर्ट्झच्या अँटेनाचा रिले मी उलटा जोडला. कॉईलला वीज नसताना ती अँटेना जोडलेली राहते. कंट्रोलची तार उंदराने कुरतडली, नॉब बिघडला, काहीही झालं तरी कान उघडा. विजा कडाडायला लागल्या की सेटचा प्लग हाताने काढायचा, हे मामाला आधीच पाठ आहे.

नॉबमागे आता एक मायक्रोकंट्रोलर आहे. बोलणं चालू असताना नॉब फिरवला तर तो ऐकून घेतो आणि काहीच करत नाही. बोलणं थांबल्यावर रिले बदलतो, ५० मिलिसेकंद थांबतो, मगच पुन्हा बोलू देतो. आयुष्यात लिहिलेल्या लाखभर ओळींमधल्या या वीस ओळी मला सगळ्यात आवडतात :)

अजून एक शेजारी विसरून चालणार नाही. मामाच्या घरापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर, जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टीआयएफआरने उभ्या केलेल्या. जागा निवडताना इथली रेडिओ-शांतता हे एक मोठं कारण होतं. एका विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या प्रदर्शनाला, मी गेलो होतो. एवढा अवाढव्य पसारा, आणि बोलत एक शब्द नाही. नुसतं ऐकणं. साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झ. आता काळा पडलेला कॉन्टॅक्ट नुसता अडवत नाही, वेडावाकडा वाहतो, त्यातून हार्मोनिक तयार होतात. २८.५ चा पाचवा हार्मोनिक १४२.५, थेट त्यांच्या पट्ट्यात. सेटमधला फिल्टर इथे कामाचा नाही, कारण तो रिलेच्या आधी असतो. मध्ये डोंगर आहेत हे खरं, पण डोंगरांच्या भरवशावर घाण करायची नसते. माझ्या हौसेचा त्रास अख्ख्या आकाशाकडे कान लावून बसलेल्यांना कशाला?

असो. शनिवारी दुपारपर्यंत डबा बसवला. गोठ्यापासून लांब, घराच्या पुढच्या बाजूला. चाचणी मात्र रविवारी सकाळी घ्यायची ठरवली, रात्रभर सेटला हात न लावता.

सकाळी मी दात घासत होतो. आत मामाने सेट लावला. कोणी काही बोललं नव्हतं, बटण दाबलं नव्हतं. आणि ओसरीपर्यंत आवाज आला. पुण्यातला एक हॅम हजेरी घेत होता, घाटात पाऊस किती झाला ते विचारत होता.

मामाने आवाज थोडा मोठा केला आणि मला हाक मारली, "ये लवकर. पाऊस इचारतोय त्यो, सांग त्याला."