विमान सुरक्षेचे शिक्षण: कर्ज काढून नव्हे, हक्काने!



गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या विहाराला लागून असलेल्या अभ्यासिकेत एक मुलगी छापील माहितीपत्रक घेऊन आली. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, वय चोवीस. वडील कंत्राटी सफाई कामगार. ती स्वतः विमानतळावर ग्राउंड हँडलिंग करणाऱ्या एका कंत्राटदाराकडे कामाला. पत्रकावर लिहिले होते, ‘एव्हिएशन सेफ्टी अँड रिस्क मॅनेजमेंट, पदव्युत्तर अभ्यासक्रम, अप्रेंटिसशिपसह’. फी काही लाखांत. मागच्या पानावर इंग्लंडमध्ये ‘कमवा आणि शिका’ची हमी, त्यासाठी एजंटाचे पैसे वेगळे. वडील गावाकडची घराची जागा गहाण टाकायला तयार झाले होते.

आम्ही पत्रक नीट न वाचताच म्हणालो, "हे सोड. एमपीएससीचा फॉर्म भर."

ती म्हणाली, "दादा, तुम्ही सगळ्यांना तेच सांगता."

खरेच होते. आम्ही समाजशास्त्राचे एम.ए. आम्हाला तलाठी, शिक्षक, फार तर तहसीलदार एवढ्याच खुर्च्या दिसतात. विमानतळाकडे आम्ही कधी पाहिले असेल तर ते जमीन संपादनाच्या मोर्चात. मग आम्ही तिलाच विचारले, "तुला हेच का शिकायचे आहे?" तिने सांगितलेली गोष्ट आमच्या डोक्यातून अजून जात नाही.

रात्रपाळी होती. सामान विमानात चढवणारी पट्ट्याची गाडी विमानाच्या सामानकक्षाच्या दाराजवळ घासली. पत्र्याला छोटा खळगा पडला. सुपरवायझर म्हणाला, "काही झालेलं नाही. कामाला लागा." सगळे कामाला लागले. हीसुद्धा. तिच्या मागेच भिंतीवर फलक होता: धोका दिसला तर कळवा, कळवणाऱ्याला शिक्षा होणार नाही. विमान सुटायला दोन तास होते. शेवटच्या वीस मिनिटांत ती विमानाच्या इंजिनिअरकडे गेली आणि खळगा दाखवला. तपासणी झाली, विमान उशिरा गेले. पुढचे आठ दिवस हिला ड्युटी मिळाली नाही आणि पगार कापला गेला. सुपरवायझरने सगळ्यांसमोर तिचे आडनाव उच्चारून म्हटले, "यांना कायदा फार कळतो."

आम्ही तिचे कौतुक करायला लागलो तर तिने थांबवले. "दादा, मी गेले हे महत्त्वाचं नाही. मला जायला पावणेदोन तास का लागले, ते मला शिकायचं आहे."

मित्रहो, विमान सुरक्षेचे अख्खे शास्त्र या एका प्रश्नावर उभे आहे, हे आम्हाला नंतर वाचताना कळले.

२७ मार्च १९७७. टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जम्बो विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. ५८३ माणसे मेली. उड्डाणाच्या तयारीत असलेल्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती. समोरचे विमान धावपट्टीवरून हटले आहे ना, असे त्याने विचारलेही. ज्येष्ठ कॅप्टनने ती शंका उडवून लावली आणि विमान दामटले. शंका दुसऱ्यांदा कोणी काढली नाही. २२ मे २०१० रोजी मंगळुरूला एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेले, १५८ माणसे गेली. सहवैमानिकाने तीन वेळा ‘गो अराउंड’ म्हटले होते, म्हणजे उतरू नका, पुन्हा वर घ्या. कॅप्टनने ऐकले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये कोझिकोडला २१ जण गेले, तेव्हाच्या चौकशी अहवालातही कॅप्टन आणि सहवैमानिक यांच्यातल्या अधिकाराच्या तीव्र उताराचा उल्लेख आहे.

अधिकाराचा उतार! हा शब्द वाचला आणि आम्ही पुस्तक मिटून बसलो. वरच्याचा शब्द खालच्याने अडवायचा नाही, खालच्याने पाहिलेले वरच्याने खरे मानायचे नाही, आणि प्रत्येक पायरीवरच्या माणसाला आपल्याहून खालचा कोणीतरी हवा. बाबासाहेबांनी यालाच श्रेणीबद्ध विषमता म्हटले. जातीच्या उतरंडीने किती बळी घेतले याची चौकशी करायला कोणी बसले नाही. कॉकपिटमधल्या उतरंडीची मात्र चौकशी झाली, कारण तिथे मरणारे तिकीट काढून बसलेले होते. त्या चौकशांतून जगभरच्या वैमानिकांना एक सक्तीचे प्रशिक्षण आले: कनिष्ठाने बोलायचे कसे आणि वरिष्ठाने ऐकायचे कसे.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने सुरक्षा व्यवस्थापनासाठी वेगळे परिशिष्ट केले, परिशिष्ट १९. त्यात चार खांब आहेत: धोरण, जोखमीचे व्यवस्थापन, खात्री आणि प्रसार. जोखीम मोजायची म्हणजे एखादी गोष्ट घडण्याची शक्यता किती आणि घडली तर नुकसान किती, हे दोन्ही एका तक्त्यावर मांडायचे, आणि अपघात होण्याची वाट न पाहता आधीच उपाय करायचा. अपघाताच्या चौकशीचा हेतू भविष्यातले अपघात टाळणे हा आहे, दोष वाटणे हा नाही, असे परिशिष्ट १३ सांगते. बुद्धाच्या धम्मात वाढलेल्या माणसाला हे परके वाटू नये. दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण शोधले तर ते दूर करता येते.

हे परिशिष्ट १९ लागू झाले १४ नोव्हेंबर २०१३ रोजी. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा आपल्या देशाचा कायदा लागू झाला ६ डिसेंबर २०१३ रोजी, तीन आठवड्यांनी. एका कायद्याने विमानाच्या पत्र्यावरचा खळगाही नोंदवायला लावला. दुसरा कायदा असूनही माणसे गटारात उतरवली जातात आणि गुदमरून मरतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये गटारमृत्यूची भरपाई ३० लाख केली, पण भरपाई मेल्यावर मिळते. आमच्या या मुलीचे वडील तरुणपणी कमरेला दोर बांधून चेंबरमध्ये उतरलेले आहेत. त्यांची जोखीम कोणत्या तक्त्यावर मांडली गेली? जोखीम मोजण्याची विद्या ज्यांच्याकडे आहे, त्यांच्या घरात कोणी चेंबरमध्ये उतरत नाही. म्हणून ही विद्या आपल्या हाती आली पाहिजे. विमानासाठी तर हवीच, पण तिथे शिकलेले आपण नाल्यापर्यंत आणू.

आता त्या पत्रकाकडे येऊ. इंग्लंडमध्ये पदव्युत्तर दर्जाची अप्रेंटिसशिप खरोखर आहे. तिला तिथे लेव्हल ७ म्हणतात. जोखीम आणि सुरक्षा व्यवस्थापनासाठीही असा ठरवलेला आराखडा आहे. माणूस नोकरीत असतो, पगार घेतो आणि कामाच्या वेळातच विद्यापीठाचे शिक्षण घेतो. फी त्याच्या खिशातून जात नाही. एप्रिल २०१७ पासून तिथे वर्षाला ३० लाख पौंडांहून जास्त पगार वाटणाऱ्या मालकांकडून, त्या मर्यादेवरच्या रकमेवर ०.५ टक्के आकार घेतला जातो, त्यातून हे शिक्षण चालते. म्हणजे शिकवण्याचा खर्च मालकवर्गाने उचलायचा. हे तत्त्व आम्हाला फार आवडले.

पण एजंट जे सांगत नाही ते असे. या पैशांवर शिकायचे तर तिथे आधी नोकरी लागते आणि साधारणपणे तीन वर्षांचा तिथला रहिवास लागतो. इथून विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्याला ही अप्रेंटिसशिप मिळत नाही. शिवाय जानेवारी २०२६ पासून तिथल्या सरकारने लेव्हल ७ चा निधी नव्याने येणाऱ्यांपैकी १६ ते २१ वयाच्यांपुरताच ठेवला, काही अपवाद वगळून. एकविसाव्या वर्षी पदव्युत्तर शिक्षणाला पोहोचणारे किती? वय वाढल्यावर, नोकरी करता करता शिकणाऱ्या कष्टकऱ्याच्या तोंडावर तिथेही दार लावले गेले. चोवीस वर्षांच्या आमच्या मुलीला त्या हमीपत्राचा काडीचा उपयोग नव्हता. परदेशीच जायचे असेल तर केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. त्या पूर्णवेळ अभ्यासक्रमासाठी आहेत. अटी स्वतः वाचा, एजंटाकडून ऐकू नका.

मग आपल्या देशात काय आहे? इथे आम्हाला आमची लाज वाटली. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ मध्ये कलम ३-अ आहे, १९७३ च्या दुरुस्तीने आलेले. निर्देशित व्यवसायांमध्ये मालकाने अनुसूचित जाती आणि जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवल्या पाहिजेत, असे ते सांगते. मालकाने म्हणजे खासगी मालकानेसुद्धा! पुढे कलम ३-ब आले, ओबीसींसाठी. खासगी क्षेत्रात आरक्षण हवे म्हणून आम्ही गळा फाडून घोषणा दिल्या आणि शिकाऊ उमेदवारांपुरते का होईना, ते कायद्यात लिहिलेले आहे हे आमच्यातल्या बहुतेकांना माहीत नाही. ३० किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे २०१९ च्या नियमांनी बंधनकारक केले. त्याच नियमांत पदवीधराचे किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये ठरले. शिकाऊ उमेदवाराला पैसे मिळतात, त्याच्याकडून पैसे घेतले जात नाहीत.

या कायद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शिकाऊ उमेदवार हा कामगार नाही, असे कलम १८ म्हणते. स्वस्तात राबवून घ्यायची ही सोय आहे आणि मालक ती वापरतात. शिकून झाल्यावर नोकरीची हमी नाही. म्हणून हक्क मागताना डोळे उघडे ठेवायचे.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन दिले. कला आणि कायद्याच्या शिक्षणाने आपल्या समाजाचे फारसे भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, अशी त्यांची मांडणी होती. सरकारी छापखाने आणि रेल्वे यांत आपल्या तरुणांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावे, ही मागणी त्यात आहे. १९४२ साली देशातले सर्वांत मोठे तंत्र रेल्वेत होते. आज ते विमानतळावर आहे. निवेदन तेच, पत्ता बदलला.

जागांचे म्हणाल तर १२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान पडले, २६० जीव गेले. त्यानंतर ऑगस्टमध्ये संसदेच्या स्थायी समितीने दाखवून दिले की विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या महासंचालनालयात १,०६३ मंजूर पदांपैकी ५५३ च भरलेली आहेत. जवळजवळ निम्म्या खुर्च्या रिकाम्या! त्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये राखीव जागा किती, हा प्रश्न कोणी विचारला? आम्हीही विचारला नाही. त्या आठवड्यात आम्ही मेणबत्त्या लावून घरी गेलो.

त्या मुलीने कर्ज काढले नाही. पत्रकवाल्यांना तिने तीन प्रश्न लेखी विचारले. अप्रेंटिसशिपचा करार कोणत्या मालकाबरोबर? तो कायद्याप्रमाणे नोंदवला जाणार का? विद्यावेतन किती आणि देणार कोण? उत्तर आले नाही, सवलतीचा फोन आला. मग आम्ही दोघे कागद घेऊन बसलो. तिच्या पदवीवर विमानतळ प्राधिकरणाची एअर ट्रॅफिक कंट्रोलची ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह परीक्षा देता येते, हे तिनेच शोधून आम्हाला दाखवले. सुरक्षा व्यवस्थापनात मोठे काम करणारी माणसे वैमानिक, इंजिनिअर, नियंत्रक अशा कामातून वर येतात. आधी आत शिरायचे, मग पदव्युत्तर शिक्षण नोकरीत राहून घ्यायचे, हा तिचा हिशेब. ती सध्या अभ्यासिकेत बसते. निकाल काय लागेल सांगता येत नाही. त्या कंत्राटदाराकडे ती अजून रात्रपाळी करते.

आम्ही मात्र एक काम हाती घेतले आहे. मुंबईच्या शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळाकडे माहिती अधिकारात अर्ज: आमच्या जिल्ह्यातल्या आस्थापनांनी कलम ३-अ खाली किती जागा राखल्या आणि किती भरल्या? तुमच्या जिल्ह्यातून तुम्ही हाच अर्ज करा. दहा रुपये लागतात.

आणि शेवटचे, आपल्या घरातले. ज्या दिवशी ती आम्हाला म्हणाली, "दादा, तुम्ही सगळ्यांना तेच सांगता", त्या दिवशी आमच्या कपाळावर आठी पडली होती. कॅप्टनच्या खुर्चीत आम्ही होतो. आपल्या संघटनांत, विहार समित्यांत, जयंती मंडळांत किती तरुणांनी ‘गो अराउंड’ म्हटले आणि आपण त्यांना खाली बसवले? पुढच्या बैठकीत सर्वांत तरुण कार्यकर्त्याला आधी बोलू द्या. त्याचे बोलून होईपर्यंत अध्यक्षांनी माईकला हात लावू नये.

जय भीम! नमो बुद्धाय!