सोसायटीचं राहिलं

तहसीलसमोर टेबल टाकून अर्ज लिहिणाऱ्याला खेड्यातले लोक अर्धा वकील समजतात. मी तो गैरसमज कधी दूर केला नाही. भातकुलीची तहसील अमरावती शहरात होती तेव्हापासूनचा माझा हा धंदा. वारसाचा अर्ज, निराधारचा फॉर्म, प्रतिज्ञापत्र, वाटणीचे कागद. वकिलाच्या मानानं माझे पैसे अगदीच कमी; अडल्यानडल्याचं काम तर चहावरही केलं. आणि त्याचाच मला माज होता. स्वस्तात करून देतो म्हटल्यावर जाब कोण विचारणार?

एक चूक तर मी रोज करत होतो. प्रतिज्ञापत्र म्हटलं की शंभराचा स्टॅम्प. जातीच्या, उत्पन्नाच्या, रहिवासी दाखल्यासाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क राज्य सरकारनं १ जुलै २००४ च्या आदेशानं माफ केलं होतं. साधा कागद चालत होता. हे कळल्यावरही मी लोकांना स्टॅम्प आणायला पाठवत राहिलो. त्यातला एक रुपया माझ्या खिशात येत नव्हता, ही आणखी गंमत. स्टॅम्पवर टाइप केलं की कागद वजनदार दिसे, आणि कागदासोबत मीही. निंदणाला जाणाऱ्या बाईच्या रोजीतून मी माझा रुबाब विकत घेत होतो.

पण हे शंभरावर भागलं. दुसरी चूक महागात पडली.

खारपाणपट्ट्यातलं नापिकीचं वर्ष होतं. नवऱ्यानं विष घेतलेलं, बाई भावाला घेऊन आली. सरकारची एक लाखाची मदत मिळावी म्हणून अर्ज लिहायचा होता. तिनं सावकारापासून सुरुवात केली: तो घरी येऊन काय बोलला, नवरा मग दोन दिवस जेवला कसा नाही. माझी लेखणी तिथंच चेकाळली. दीड पान लिहिलं. ‘सावकारी पाशात गुदमरलेला बळीराजा’ हे माझंच. मधे ती म्हणाली, “सोसायटीचंबी होतं थोडं.” मी म्हटलं, “ते राहू द्या बाई, मोठं ते लिहू.” वाचून दाखवलं तेव्हा ती रडली. मला वाटलं, अर्ज जमला.

प्रकरण अपात्र ठरलं. २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयात राष्ट्रीयीकृत बँक, सहकारी बँक किंवा पतसंस्था, नाहीतर मान्यताप्राप्त सावकार यांचंच कर्ज धरतात. आमचा सावकार विनापरवाना, त्याच्याकडचा कागदाचा कपटाही नाही. कामाचं होतं ते सोसायटीचं थोडकं थकीत, आणि तेच मी राहू दिलं होतं. थकबाकीचा दाखलाही जोडायला सांगितला नव्हता. शासन निर्णय माझ्या ड्रॉवरमध्ये होता. मी तो वाचलाही होता, म्हणजे आकडा वाचला होता.

ती चिडली नाही. एवढंच म्हणाली, “मी त सांगतलं होतं भाऊ तुमाले, सोसायटीचं.”

तेव्हा कुठं मी तिला कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे पाठवलं. १९८७ च्या कायद्यानं बाईमाणसाला उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो. ते मला आधीपासून ठाऊक होतं. गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून बोलत नव्हतो. चहावर काम करणाऱ्यालाही गिऱ्हाईक लागतंच. त्या वकिलानं लिहिलेला फेरचौकशीचा अर्ज मी नंतर मागून पाहिला. अर्ध्या पानाचा. कर्ज कोणत्या संस्थेचं, किती, कधीपासून थकीत, सोबत दाखला. बळीराजा कुठंच नव्हता.

मदत मंजूर झाली. तीस हजारांचा चेक हातात आला, सत्तर हजार तहसीलदारासोबतच्या जोडखात्यात गेले. पण मधल्या काळात पेरणीला पैसा नव्हता म्हणून तिनं वावर ठोक्यानं देऊन टाकलं होतं. ठोका तीन वर्षांचा. चेक वटला त्या खरिपात ती दुसऱ्याच्या हाताखाली स्वतःच्याच वावरात निंदायला जात होती.