तंबोरा कुठे आहे?

१९८४ साली पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत गेलो तेव्हा खिशात ३,५०० रुपये होते. त्यातले अडीच हजार स्पीकरच्या जोडीवरच उडाले. कंबरेइतके उंच, पुढे काळी जाळी. उरलेल्यात एक वापरलेला रेकॉर्ड प्लेअर आणि कारागिराने जोडून दिलेला १५ वॅटचा अँप्लिफायर. आईने खोक्यावर टिचकी मारली आणि म्हणाली, "बडा घर, पोकळ वासा."

महिन्याभरात एक ट्वीटर, म्हणजे उंच सुरांचा छोटा स्पीकर, जळाला. दोष माझाच. दुबळ्या अँप्लिफायरचा आवाज पार ताणला की तो सुरांचे माथे छाटतो, आणि मार बसतो ट्वीटरला. मग जास्त वॅटचा घ्यावा? हिशेब केला : वॅट दुप्पट, तर आवाज वाढणार जेमतेम ३ डेसिबल. कानाला ते 'किंचित जास्त' एवढंच वाटतं.

पुढे कधीतरी ग्लासगोच्या लिन कंपनीच्या आयव्हर टीफेनब्रन यांच्याबद्दल वाचलं. सत्तरच्या दशकात लोक स्पीकरवर पैसे ओतत असताना ते म्हणत, आधी टर्नटेबलकडे बघा. सुईने जे उचललंच नाही, ते पुढे कुणीही आणून देणार नाही. ते स्वतः टर्नटेबलच विकत होते, ही गोष्ट वेगळी! पण मी नवी सुई बसवली आणि कुमार गंधर्वांची तबकडी लावली. तोवर मागे जी नुसती घरघर समजत होतो, तिच्यातून तंबोऱ्याच्या तारा एकेक सुट्या झाल्या. त्या दिवसापासून दुकानात मी वॅट विचारत नाही. डोळे मिटून तंबोरा शोधतो.

अँप्लिफायर तीन झाले, सीडी आली, मागे पडली. स्पीकर तेच, फोमच्या कडेचा पिठासारखा भुगा झाला तेव्हा ती दोनदा बदलून घेतली, इतकंच. महागड्या वायरींवर घातलेल्या पैशांबद्दल न बोललेलं बरं.

फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि तंबोरा हरवला. गुळगुळीत फरश्या, उघड्या भिंती; प्रत्येक सूर आपटून परत यायचा. आईची नऊवारी लुगड्यांची गोधडी स्पीकरसमोरच्या भिंतीवर टांगली. खर्च दोन खिळ्यांचा.

थंडी पडली की आई गोधडी मागून घेते. तेवढे दोन महिने तंबोरा जरा दूर बसतो.