गुण कुणाला?

समीक्षक गुण देतात तेव्हा परीक्षा नेमकी कुणाची होते, असा प्रश्न आम्हाला नेहमी पडतो. ‘न्यूट्रल मिल्क हॉटेल’ या अमेरिकन बँडचा ‘इन द एरोप्लेन ओव्हर द सी’ हा अल्बम १९९८ साली आला. अ‍ॅन फ्रँकच्या डायरीने हेलावलेला जेफ मँगम त्यात जीव तोडून गातो. साथीला चक्क करवतीचे सूर. ‘पिचफोर्क’ने तेव्हा १० पैकी ८.७ गुण दिले. २००५ साली, तोच अल्बम पुन्हा निघाला तेव्हा, पूर्ण १०. दरम्यान एक सूरही बदलला नव्हता. बदलले होते ते कान. तोवर बँड मात्र पांगला होता. भरभरून दाद मिळाली ती रिकाम्या रंगमंचाला! आमच्यातल्या विक्षिप्त आवाजांना तरी आम्ही वेळेवर ऐकणार का?